कोंबडीचे पिल्लू आजारी पडते तेव्हा

सकाळी खुराड्याचे दार उघडले की सारी पिल्ले बाहेर धाव घेतात. एखादे मात्र मागे राहते. पिसे फुगवून, डोळे मिटून ते कोपऱ्यात बसलेले असते. दाणे टाकले तरी उठत नाही आणि उठवले तर दोन पावले टाकून एका अंगावर कलते. आदल्या संध्याकाळपर्यंत ते अंगणभर हिंडत होते. घरातील मुले त्याला हातांत घेऊन बसतात, आजीबाई हळदीचा लेप सुचवतात, शेजारी लसूण भरवावयास सांगतात आणि बाजारातील दुकानदार कसलीशी पुडी बांधून देतो. दोन-तीन दिवसांनी पिल्लू मरते किंवा क्वचित बरेही होते. परंतु त्याला नेमके काय झाले होते, हे कोणालाच कळलेले नसते.

ग्रामीण भागात हे दृश्य इतके नेहमीचे आहे की त्याचे कोणास फारसे नवल वाटत नाही. गाय किंवा बैल आजारी पडला तर माणूस रात्री-अपरात्री पशुवैद्यकाकडे धाव घेतो. कोंबडीच्या पिल्लासाठी दवाखान्याची पायरी चढण्याची कल्पनाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. पिल्लाची किंमत ती काय, असा हिशेब केला जातो. हा हिशेब अपुरा आहे. परसातील दहा-बारा कोंबड्यांची अंडी आणि सणासुदीला विकलेला कोंबडा हे पुष्कळ घरांत बाईच्या स्वतःच्या हातात राहणारे एकमेव उत्पन्न असते. मुलांनी नाव ठेवून लाडाने वाढवलेल्या पिल्लाचे मोल तर पैशांत करताच येत नाही. याखेरीज, एका घरातील एक आजारी पिल्लू ही साऱ्या गावाला मिळालेली पहिली सूचना असू शकते. ती ओळखली जाते की नाही, यावर पुढे बरेच अवलंबून असते.

पिल्लांच्या आजारांत खरी अडचण अशी की लक्षणे थोडी आणि कारणे पुष्कळ असतात. पाय लुळा पडणे, मान वाकडी होणे, हगवण लागणे, श्वासाला त्रास होणे आणि नुसते मलूल बसणे, एवढीच काय ती पिल्लाची भाषा. एकच लक्षण आहारातील उणिवेमुळे, जंतूमुळे, विषाणूमुळे, उवा-गोचिडांमुळे किंवा साध्या थंडीमुळेही दिसू शकते. म्हणून औषध शोधण्यापूर्वी निरीक्षण करावयास शिकणे, हाच या बाबतीतील पहिला आणि सर्वात स्वस्त उपाय होय.

बटाव्हियातील कोंबड्यांचे कोडे

कोंबड्यांच्या एका गूढ आजाराने वैद्यकशास्त्राला नवी दिशा दिल्याचा इतिहास येथे उद्बोधक ठरेल. १८९० च्या सुमारास ख्रिस्तियान आइकमन हे डच वैद्य जावा बेटावरील बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता येथील लष्करी रुग्णालयातील प्रयोगशाळेत बेरीबेरी या रोगाचे संशोधन करीत होते. हा रोग कोणत्या तरी जंतूमुळे होत असावा, अशी तेव्हाची समजूत होती. प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडू लागले. आजारी कोंबड्यांपासून रोग निरोगी कोंबड्यांना लागतो का, हे आइकमन यांनी पाहिले. तथापि ज्या कोंबड्यांवर कोणताही प्रयोग केला नव्हता त्याही आजारी पडल्या. पुढे काही महिन्यांनी रोग जसा आला तसाच नाहीसा झाला.

या कोड्याचे उत्तर सूक्ष्मदर्शक यंत्राखाली सापडले नाही. ते कोंबड्यांच्या खाद्यात सापडले. मधल्या काळात कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता. नंतर स्वयंपाकी बदलला. लष्करी भात मुलकी कोंबड्यांना देणे नव्या स्वयंपाक्यास मान्य नव्हते. त्यामुळे त्यांना पुन्हा कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. तांदळाच्या कोंड्यात जगण्यास आवश्यक असा काही घटक आहे, हे यावरून पुढे स्पष्ट झाले. तो घटक म्हणजे ब-१ जीवनसत्त्व होय. या कार्याबद्दल आइकमन यांना १९२९ सालचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या कथेतील बोध आजही तितकाच उपयोगी आहे. रोग कोठून आला, हा प्रश्न विचारताना आजारी पक्ष्याकडे पाहावेच, पण त्याने काय खाल्ले, ते केव्हा बदलले आणि दुसऱ्या कोणाला तोच त्रास होतो आहे काय, हेही पाहावे.

आधी ऊब, मग तपासणी

पिल्लू आजारी दिसताच करावयाची पहिली गोष्ट म्हणजे ते इतरांपासून वेगळे करणे. एक तर रोग संसर्गजन्य असल्यास तो पसरत नाही आणि दुसरे म्हणजे दुबळ्या पिल्लाला इतर पिल्ले टोचून मारतात, ते टळते. खोक्यात भाताचे तूस किंवा जाडेभरडे कापड अंथरून त्यात ते ठेवावे. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नये, कारण त्यावर कोवळे पाय घसरून बाहेर फाकतात. जवळ उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवावे. त्यात थोडा गूळ घातल्यास अशक्त पिल्लाला तत्काळ शक्ती मिळते.

लहान पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सिअस इतकी ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करत न्यावी. आईविना वाढवलेल्या पिल्लांचे अनेक आजार हे मुळात थंडीचे आजार असतात. ऊब देण्यासाठी खोक्याच्या एका टोकाला तारेचा, पिवळ्या प्रकाशाचा दिवा टांगावा. आता घरोघर वापरले जाणारे एलईडी दिवे प्रकाश देतात, पण ऊब जवळजवळ देत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. खोक्याचे दुसरे टोक थंड ठेवावे, म्हणजे पिल्लू आपली सोय आपणच पाहते. पिल्ले दिव्याखाली दाटीने गोळा झाली तर ऊब कमी आहे आणि चोच उघडी ठेवून दूर पळाली तर जास्त आहे, असे समजावे.

यानंतर शांतपणे पुढील गोष्टी पाहाव्यात आणि त्या वहीत लिहून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे वय. बरेच आजार ठरावीक वयात येतात. पहिल्या आठ-दहा दिवसांत पांढरी, चिकट हगवण लागून पिल्ले मरत असतील, तर अंड्यातूनच आलेला संसर्ग किंवा थंडी यांचा संशय घ्यावा. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात रक्ती हगवण अधिक आढळते. पायाचा लकवा सहा आठवड्यांनंतर दिसू लागला तर त्याचे कारण बहुधा निराळे असते.

दुसरी गोष्ट विष्ठा. निरोगी पिल्लाची विष्ठा घट्ट, तपकिरी आणि वर पांढरा थर असलेली असते. दिवसातून काही वेळा पिल्लू गडद तपकिरी, चिकट आणि दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते. तीही नैसर्गिकच असते. अनेक जण तिला हगवण समजून विनाकारण औषध देतात. रक्तमिश्रित, हिरवट पाण्यासारखी किंवा फेसाळ विष्ठा मात्र रोगाची खूण होय. गुदद्वाराभोवती विष्ठा वाळून चिकटली असेल तर कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवावी, कारण मार्ग बंद झाल्यास पिल्लू दगावते.

तिसरी गोष्ट गळ्याखालची अन्नाची पिशवी. संध्याकाळी ती दाण्यांनी भरलेली असावी आणि सकाळी रिकामी असावी. सकाळीही ती टणक भरलेली लागली तर गवताचा लांब धागा, सुतळी किंवा तसेच काही अडकले असण्याचा संभव असतो. ती मऊ, पाण्याने भरल्यासारखी लागली आणि तोंडाला आंबूस वास आला, तर अन्न आंबलेले असते. संध्याकाळी ती रिकामीच असेल, तर पिल्लू खातच नाही किंवा इतर पिल्ले त्याला खाऊ देत नाहीत.

चौथी गोष्ट पाय. पिल्लू उलटे धरून दोन्ही तळवे पाहावेत. काटा रुतलेला असतो किंवा बोटाभोवती दोरा अथवा केस आवळलेला असतो. असे एवढेसे कारण पुष्कळदा लकव्याच्या नावाखाली दडून राहते.

पाचवी गोष्ट डोळे, नाक आणि श्वास. डोळ्यांत फेस, नाकातून स्राव, चेहऱ्यावर सूज किंवा मान लांबवून श्वास घेणे यांची नोंद घ्यावी. पिल्लांच्या उंचीवर वाकून खुराड्यातील हवेचा वासही घ्यावा. डोळे झोंबतील इतका अमोनियाचा दर्प येत असेल, तर ओली गादी बदलल्याविना कोणतेही औषध लागू पडणार नाही.

सहावी गोष्ट त्वचा. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती पिसे बाजूस सारून उवा पाहाव्यात. कोंबडीचे गोचीड मात्र निराळे. त्यातील मोठे गोचीड दिवसा खुराड्याच्या फटींत दडून बसतात आणि रात्री बाहेर पडून रक्त शोषतात. यामुळे दिवसा पिल्लाच्या अंगावर काहीच दिसत नाही, तरी ते दिवसेंदिवस पांढरे पडत जाते, अशक्त होते, कधी लुळेही पडते. ज्या घरात पिल्लांचा आजार कोणालाच उलगडत नाही, तेथे रात्री विजेरी घेऊन खुराड्याच्या फटी पाहाव्यात.

सातवी गोष्ट खाद्य. ते कधी बदलले, कोठे साठवले होते आणि त्याला बुरशी किंवा खवट वास आहे काय, हे पाहावे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की या पक्ष्याची एक लाखाहून अधिक पिल्ले अनाकलनीय रोगाने मेली. शोध घेता शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष त्यास कारणीभूत असल्याचे आढळले. अफलाटॉक्सिन या नावाने ते विष आज सर्वपरिचित आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात मका व पेंड यांना बुरशी येते आणि असा माल माणसांच्या उपयोगाचा नाही म्हणून कोंबड्यांपुढे टाकला जातो. ही काटकसर महागात पडते.

एक लक्षण, अनेक कारणे

या नोंदी हाती असल्या की लक्षणांचा अर्थ लावणे सोपे होते. लंगडणे किंवा पाय लुळा पडणे हे उदाहरण घेऊ. दोन-तीन आठवड्यांचे पिल्लू पायाची बोटे आत मुडपून घोट्यांवर चालत असेल, पण त्याचे डोळे तरतरीत असतील आणि त्याला भूक असेल, तर ब-२ जीवनसत्त्वाच्या उणिवेचा विचार करावा. केवळ तांदळाची कणी किंवा ज्वारी यांवर वाढवलेल्या पिल्लांत ही उणीव संभवते. लवकर ओळखल्यास जीवनसत्त्व देऊन ती भरून निघते. उशीर झाल्यास पाय कायमचे अधू होतात. चोच रबरासारखी मऊ आणि पाय धनुष्यासारखे वाकलेले असतील तर तो मुडदूस होय. खोलीत कोंडून ठेवलेल्या पिल्लांना ऊन मिळत नाही आणि ड जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून तो होतो.

याउलट सहा आठवड्यांहून मोठ्या तलंगेचा एक पाय पुढे आणि एक पाय मागे ताणला जात असेल, ती खात असूनही वाळत चालली असेल, किंवा तिच्या डोळ्याचे बुबुळ राखी दिसू लागले असेल, तर मरेक रोगाचा संशय येतो. हंगेरीतील पशुवैद्यक योझेफ मरेक यांनी १९०७ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. हा विषाणू पक्ष्याच्या मज्जातंतूंवर आघात करतो आणि पिसांच्या कोंड्यातून हवेत पसरतो. त्यावर औषध नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्याच दिवशी दिलेली लस हाच त्यावरील उपाय होय. एकाच लंगडण्यामागे एकीकडे सहज भरून निघणारी उणीव आणि दुसरीकडे असाध्य रोग, असे दोन टोकांचे अर्थ असू शकतात.

मान वाकडी होण्याचेही तसेच आहे. पिल्लू आकाशाकडे पाहिल्याप्रमाणे डोके पाठीवर टाकत असेल तर ब-१ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते; ते जीवनसत्त्व मिळताच काही तासांत सुधारणा दिसते. खवट तेलकट खाद्यामुळे ई जीवनसत्त्व नष्ट झाले तर मेंदूला इजा होऊन पिल्लू तोल जाऊन पडते. परंतु मान पिरगळण्याबरोबर हिरवी हगवण, धाप आणि पंख गळणे ही लक्षणे दिसत असतील आणि एकामागून एक पक्षी आजारी पडत असतील, तर तो राणीखेत रोग असण्याचा दाट संभव असतो. गावाकडे त्यालाच मानमोडी म्हणतात. कुमाऊँच्या डोंगरांतील राणीखेत येथे १९२० च्या दशकात तो आढळला, म्हणून भारतात त्यास ते नाव पडले. इतर देशांत तो न्यूकॅसल या इंग्लंडमधील शहराच्या नावाने ओळखला जातो. लस न दिलेल्या कळपातील जवळजवळ सर्व पक्षी या रोगाने मरू शकतात.

रक्ती हगवण हा पिल्लांचा तिसरा मोठा शत्रू होय. तिला कॉक्सिडिओसिस असे म्हणतात. आतड्यात वाढणाऱ्या एकपेशीय परोपजीवींमुळे ती होते. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून त्यांची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात आणि ओलसर, उबदार गादीत एक-दोन दिवसांतच संसर्ग करण्याजोगी होतात. पावसाळ्यात पाण्याचे भांडे सांडून गादी भिजली की ही हगवण उद्भवते, त्याचे कारण हेच. यावरील औषधे प्रभावी आहेत, परंतु ती वेळेवर आणि योग्य मात्रेत दिली गेली पाहिजेत.

औषधाची घाई

येथे एक विलक्षण गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. रक्ती हगवणीवर सर्रास वापरले जाणारे अँप्रोलियम हे औषध रचनेने ब-१ जीवनसत्त्वासारखे असते. परोपजीवीला त्या जीवनसत्त्वापासून वंचित करून ते आपले काम करते. मात्रा वाढवली किंवा औषध दिवसेंदिवस चालू ठेवले, तर पिल्लालाही तीच उणीव भासू लागते. मग हगवण थांबते, पण मान मागे पडू लागते. घरच्यांना वाटते की नवा रोग आला आणि आणखी एक औषध आणले जाते. अशा रीतीने उपचारांतूनच आजार निर्माण होतो.

प्रतिजैविकांचा अविचारी वापर याहून गंभीर आहे. राणीखेत, देवी, मरेक हे विषाणूंचे रोग आहेत. त्यांवर प्रतिजैविके काम करीत नाहीत. मात्र त्यांचा अंश अंडी आणि मांस यांतून माणसांच्या पोटात जातो आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढीस लागतात. याच कारणास्तव कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा आधार समजले जाणारे प्रतिजैविक कोंबड्यांना व अन्नासाठी पाळलेल्या इतर प्राण्यांना देण्यास केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. दुकानदाराने दिलेल्या पुडीवर नाव नसेल तर ती पिल्लाला देऊ नये, एवढा नियम तरी प्रत्येक घराने पाळावा.

एक पिल्लू आणि सारे गाव

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा या गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीअंती तोच रोग असल्याचे निष्पन्न झाले. हा रोग क्वचित प्रसंगी माणसालाही होऊ शकतो. अशा वेळी गावाने गमावलेला एकेक दिवस मोलाचा असतो. म्हणून पुढील खुणा दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ दवडू नये: एक-दोन दिवसांत अनेक पक्षी अचानक मरणे, तुरा व गलोल सुजून निळसर पडणे, पायांवर रक्ताळलेले डाग दिसणे, अथवा त्याच सुमारास परिसरात कावळे किंवा पाणपक्षी मेलेले आढळणे.

जनावरांतील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ या केंद्रीय कायद्यानुसार, अनुसूचित रोगाचा संशय आल्यास पशुपक्ष्यांच्या मालकाने ते गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळवावयाचे असते आणि तेथून ते जवळच्या पशुवैद्यकास लेखी कळवले जावे अशी तरतूद आहे. बर्ड फ्लू आणि राणीखेत हे दोन्ही रोग अनुसूचीत समाविष्ट आहेत. पंचायत सदस्यांनी ही तरतूद माहीत करून घेणे अगत्याचे आहे. बातमी दिली तर साऱ्या कोंबड्या मारून टाकतील, या भीतीने लोक मर लपवतात आणि उरलेले पक्षी घाईघाईने बाजारात विकून टाकतात. रोग पसरण्याचा याहून सोपा मार्ग नाही. वस्तुतः बर्ड फ्लूच्या प्रसंगी शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई दिली जाते. आधीच रोगाने मेलेल्या पक्ष्यांची ती मिळत नाही. तेव्हा लवकर कळवण्यातच मालकाचाही लाभ आहे.

मेलेला पक्षी उघड्यावर, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, कुत्र्यांपुढे घालू नये आणि घरी कापून पाहू नये. नाका-तोंडावर कापड बांधून, हातांत प्लॅस्टिकची पिशवी घालून तो उचलावा आणि पशुवैद्यकांना दाखवेपर्यंत बंद पिशवीत सावलीत ठेवावा. शवविच्छेदनातून पुष्कळ कोडी काही मिनिटांत सुटतात. आवश्यक वाटल्यास पशुवैद्यक नमुने पुण्यातील औंध येथील प्रयोगशाळेकडे पाठवतात; बर्ड फ्लूचे निश्चित निदान भोपाळ येथील राष्ट्रीय संस्थेत होते. तपासणीनंतर, किंवा तपासणीची गरज नसल्यास लगेच, पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. सल्ल्यासाठी १९६२ हा पशुसंवर्धन विभागाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

लशीची कुपी आणि पंचायत

राणीखेतची लस फार स्वस्त आहे. पिल्लांना साधारणपणे पाचव्या ते सातव्या दिवशी ती डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकून देतात आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचून पुन्हा देतात. देवीची लसही त्याच सुमारास दिली जाते. तरीही परसातील बहुतेक कोंबड्या लशीविना राहतात. त्याचे कारण लशीच्या कुपीत आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, ती सतत थंड ठेवावी लागते आणि एकदा पातळ केल्यावर साधारणपणे दोन तासांच्या आत संपवावी लागते. सात पिल्लांची मालकीण एवढी लस घेऊन काय करणार?

एका घराला न जमणारी ही गोष्ट गावाला सहज जमते. दर दोन महिन्यांनी एक सकाळ ठरवावी, आदल्या दिवशी दवंडी द्यावी, कोंबड्या सोडण्यापूर्वी पहाटेच खुराड्यांत धरून ठेवण्यास सांगावे आणि पशुधन पर्यवेक्षकांच्या मदतीने वाडी-वस्तीनिहाय लस टोचून घ्यावी. बर्फाची पेटी, यादी आणि दोन उत्साही तरुण, एवढ्यावर हे काम पार पडते. उन्हाळ्यात मानमोडीचा प्रादुर्भाव अधिक होतो, यास्तव त्याआधीची फेरी चुकवू नये. आजारी पिल्लांना मात्र लस देऊ नये.

शाळेतही या विषयाला स्थान देता येईल. घरच्या पिल्लांचे वजन, खाद्य, विष्ठा आणि वागणे यांची रोज दोन ओळींची नोंद ठेवणे, हा शास्त्रीय निरीक्षणाचा उत्तम पाठ आहे. त्याच वेळी पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे, पोटाचे आजार करणारे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नये.

इतके करूनही काही पिल्ले वाचत नाहीत. मरेक रोगाने दोन्ही पाय गेलेल्या आणि खाणेपिणे सुटलेल्या तलंगेला झुरत ठेवण्याऐवजी पशुवैद्यकांच्या हातून शांत मरण देणे, हेही पालनकर्त्याचे कर्तव्यच असते. मुलांना ते खरे सांगावे. पिल्लू का मेले, हे त्यांना कळले तर उरलेल्या पिल्लांकडे ती अधिक डोळसपणे पाहतील.

पुन्हा त्या सकाळच्या पिल्लाकडे वळू. ते कोपऱ्यात बसलेले आहे. घरातील मुलीने ते खोक्यात, दिव्याजवळ ठेवले आहे. तळपायाला काही लागलेले नाही, गळ्याखालची पिशवी रिकामी आहे, विष्ठेत रक्ताचे ठिपके आहेत, वय पाच आठवडे, दोन दिवसांपूर्वी गादी भिजली होती आणि आणखी एक पिल्लू आज मलूल दिसते आहे. एवढे वहीत लिहून ती दवाखान्यात गेली, तर पशुवैद्यकांचे निम्मे काम झालेले असते. औषध नेमके मिळते, ओली गादी बाहेर जाते, आणि बाकीची पिल्ले आजारी पडण्यापूर्वीच सावरतात. दवाखान्याच्या पायरीवर पिल्लू घेऊन आलेल्या अशा मुलीला कोणी हसू नये, इतके जरी गावाने ठरवले तरी परसातील कोंबडीपालन पुष्कळ पुढे जाईल.